रोझेनवॉल्ड शाळा: नकाशाला पैकीच्या पैकी, जमिनीच्या कागदाला मात्र नाही

अमेरिकेच्या दक्षिणेत गावाबाहेरच्या रस्त्याला विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असलेली लांबट लाकडी इमारत दिसली, आणि तिच्या एकाच भिंतीत उंच खिडक्या एकमेकींना खेटून ओळीने बसवलेल्या असल्या, तर ती बहुधा जुनी रोझेनवॉल्ड शाळा असते. १९१२ ते १९३२ या काळात १५ राज्यांतल्या ८८३ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी अशा ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. शिवाय शिक्षकांसाठी २१७ घरं आणि हातकामाच्या १६३ कार्यशाळा. आज त्यातल्या साधारण दहा टक्के उरल्या असतील. ज्या उरल्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आता संग्रहालय आहे किंवा वस्तीचं सभागृह.

या शाळा म्हणजे एक तयार पॅकेज होतं. थोडं अनुदान, छापील नकाशे, तपासणीला येणारा माणूस आणि अटींची यादी, एवढं मिळून गावाच्या हातात पडायचं. हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे. जास्त भर दोन शिक्षकी शाळेच्या नकाशा क्रमांक २० वर दिला आहे, कारण तो फार लोकप्रिय होता आणि आज पाहायला मिळणाऱ्या इमारतींत तो वारंवार भेटतो. मत आधीच सांगून टाकतो: इमारतीची आखणी अव्वल, मैदानाची अट त्याहून सरस, पैशाची व्यवस्था कडक पण चालण्याजोगी. जमीन काउंटीच्या नावावर करून देण्याचं कलम मात्र गावकऱ्यांना पुढे फार महागात पडलं.

योजनेमागे दोन माणसं होती. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोच्या सीअर्स, रोबक कंपनीचे अध्यक्ष ज्युलियस रोझेनवॉल्ड. १९१२ मध्ये रोझेनवॉल्डनी पन्नाशीनिमित्त टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातल्या उरलेल्या रकमेतून आसपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधू द्या, असं वॉशिंग्टननी सुचवलं. त्यातली पहिली लोचापोका गावात १९१३ मध्ये पुरी झाली. तिचा हिशेब उपलब्ध आहे आणि पुढच्या सगळ्या योजनेचा साचा त्यात दिसतो. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जागेसाठी १५० डॉलर जमवले आणि १३२.५० डॉलरची मजुरी स्वतःच्या हातांनी केली. गोऱ्या रहिवाशांकडून ३६० आले, रोझेनवॉल्डचे ३००. एकूण ९४२.५० डॉलर.

म्हणजे पाटीवर ज्याचं नाव, त्याचा वाटा एक तृतीयांशाहून कमी. पुढे तो आणखी घटला. वीस वर्षांचा सगळा खर्च २ कोटी ८४ लाख डॉलरच्या आसपास गेला. त्यात करातून आलेले १ कोटी ८१ लाख, कृष्णवर्णीय लोकवर्गणीचे ४७ लाख, रोझेनवॉल्डच्या देणगीसंस्थेचे, म्हणजे रोझेनवॉल्ड फंडाचे, ४३-४४ लाख आणि गोऱ्या देणगीदारांचे १२ लाख. कापूस पिकवणाऱ्या, बऱ्याचदा खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्या लोकांनी फंडापेक्षा जास्त पैसे घातले, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला खरं वाटत नाही. त्यासाठी कुठे शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातल्या कापसाचे पैसे दिले जात, कुठे खाण्याच्या डब्यांचा लिलाव होई, कुठे लाकूडच दिलं जाई. आणि हेच लोक करही भरत होते. त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा आपोआप बांधल्या जात. यांना मात्र त्याच सोयीसाठी दुसऱ्यांदा खिशात हात घालावा लागे. योजनेवरचा हा सर्वात जुना आक्षेप आहे आणि तो रास्त आहे.

अनुदानाची आणखी एक गोम होती. फंडाचा चेक इमारत पुरी होऊन तपासणी झाल्यावर मिळे. जागा, लाकूड, सुताराची मजुरी हे सगळं आधी गावाने आणि काउंटीने उभं करायचं. त्यामुळे फंडाचे पैसे बुडाले नाहीत, अर्धवट सांगाडेही फारसे राहिले नाहीत. पण वर्गणी मध्येच आटली तर झळ गावालाच बसायची.

आता नकाशाकडे येऊ. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीत तयार झाले. १९१५ च्या पुस्तिकेतले आराखडे रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखालचे; मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. नकाशे चांगले होते, पण बांधकामावर देखरेख तोकडी पडली. शालेय इमारतींचे जाणकार फ्लेचर ड्रेसलर यांनी १९१९ मध्ये पाहणी केली आणि कच्च्या कामावर, नकाशा सोडून केलेल्या बदलांवर नेमकं बोट ठेवलं. त्यानंतर १९२० मध्ये कारभार नॅशव्हिलला हलला, सॅम्युएल स्मिथ प्रमुख झाले आणि नव्याने आखलेले नकाशे निघाले. त्यामुळे एखादी इमारत पाहताना ती १९२० च्या आधीची की नंतरची हे आधी विचारा. खालचं कौतुक मुख्यतः नंतरच्या नकाशांचं आहे.

कौतुकाचा पहिला मान प्रकाशाचा. त्या खेड्यांत वीज नव्हती. ग्रामीण विद्युतीकरण १९३५ नंतरचं. मुलांनी दिवसभर वाचायचं तर खिडकीशिवाय इलाज नाही. नुसत्या भरपूर खिडक्या ठेवूनही भागत नाही. दोन्ही बाजूंनी उजेड आला तर वहीवर एकमेकांना छेदणाऱ्या सावल्या पडतात. समोरून आला तर फळा चमकतो आणि डोळे दिपतात. मागून आला तर मुलाच्या स्वतःच्या डोक्याची सावली पाटीवर येते. उजवीकडून आला तर लिहिणाऱ्या हाताची. म्हणून नियम असा की खिडक्यांची सगळी रांग वर्गाच्या एकाच भिंतीत, आणि बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून यावा. डावखुऱ्यांचा विचार कोणी केला नव्हता, ते त्या काळाला धरूनच.

ही भिंत पूर्वेला किंवा पश्चिमेलाच हवी. दक्षिणेकडून ऊन थेट आत घुसतं, उत्तरेकडून वर्ग थंड आणि मंद राहतो. पूर्व-पश्चिम ठेवली की दिवसातून कधीतरी ऊन खोलीत फिरून जातं आणि बाकीचा वेळ उजेड स्थिर राहतो. रस्ता मात्र कुठल्याही दिशेला असू शकतो. त्यावर उपाय साधा काढला: रस्ता पूर्व-पश्चिमेला असेल तर एक नकाशा, उत्तर-दक्षिणेला असेल तर दुसरा. क्रमांक २० हा फक्त पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून बांधायचा. गावच्या सुताराने दर्शनी बाजू शोभून दिसावी म्हणून तो भलत्याच दिशेला वळवला, तर सगळा हिशेब कोलमडतो. जुन्या शाळेत गेलात तर मोबाइलवरचं होकायंत्र उघडून खिडक्यांची दिशा तपासा. इमारत नकाशाबरहुकूम आहे का, हे कळण्याचा याहून झटपट मार्ग नाही.

खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, वरच्या आणि खालच्या चौकटीत बहुधा नऊ-नऊ काचा. छताच्या जवळ पोचतील इतक्या उंच, कारण वरच्या काचेतून येणारा उजेड खोलीच्या पलीकडच्या टोकापर्यंत जातो. या खिडक्यांच्या समोरासमोरच्या भिंतीत छताखाली छोट्या झडपा असतात, त्या उजेडासाठी नसून वाऱ्यासाठी आहेत. जॉर्जिया-अलाबामाचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या झडपांची किंमत सांगायला नको. आतले रंगही ठरवून दिलेले: छत आणि भिंतीचा वरचा भाग फिकट मलई किंवा पिवळसर, खालचं लाकडी अस्तर गडद. वरचा फिकट रंग उजेड परतवतो आणि खालचा मुलांचे हात लागून मळत नाही. जीर्णोद्धारात हौसेने सगळं पांढरंशुभ्र करून टाकलेल्या इमारतींत ही जाण दिसत नाही.

क्रमांक २० मध्ये दोन वर्ग शेजारी-शेजारी, मध्ये घडीची किंवा हलवता येणारी भिंत, समोर पुढे आलेली हातकामाची खोली आणि कोट ठेवायच्या खोल्या. मधली भिंत सारली की दोन वर्गांचं एक सभागृह होतं. शाळा दिवसा मुलांची आणि संध्याकाळी मोठ्यांची, हे वॉशिंग्टन यांचं म्हणणं या एका भिंतीत उतरलं आहे. शेतकऱ्यांच्या सभा, वर्गणीचे कार्यक्रम, नाटकं, सगळं इथे व्हायचं. हल्ली पाहायला गेल्यावर ही भिंत बहुतेकदा गायब दिसते. सभागृह म्हणून वापरताना ती अडचणीची वाटली आणि काढून टाकली. पण जमिनीच्या फळ्यांवर किंवा छतावर तिच्या खुणा राहतात, त्या शोधा.

मैदानाची अट थोडक्यात अशी: किमान दोन एकर जागा. त्यात खेळायला मोकळी जागा, शेतीच्या प्रयोगाचा तुकडा आणि मुलामुलींसाठी दोन वेगळे स्वच्छतेच्या नियमांत बसणारे संडास. एका-दोन खोल्यांच्या शाळेला दोन एकर म्हणजे त्या काळच्या कोणालाही चैन वाटावी. परंतु शाळा बंद पडल्यावर जिथे इमारती टिकल्या, तिथे त्या या जागेमुळेच उपयोगी राहिल्या. सभागृहाला गाड्या लावायला जागा लागते, वार्षिक मेळाव्याला मांडव लागतो, चर्चला पंगत बसवायला अंगण लागतं. चार गुंठ्यांत बांधलेली शाळा बंद पडल्यावर कोणाच्या कामाची?

इथपर्यंत सगळं उत्तम. आता त्या कलमाकडे.

फंडाचे पैसे हवे असतील तर जागा आणि इमारत सरकारी शाळा-यंत्रणेच्या नावावर करून द्यावी लागे. हेतू वाईट नव्हता. ही खासगी धर्मादाय शाळा राहू नये, काउंटीने तिला आपली मानावं, शिक्षकाचा पगार आणि डागडुजी तिच्या माथी बसावी, असा तो विचार. फंड कायमचा चालवायचा नाही हे रोझेनवॉल्डचं धोरणही होतं. बांधकामाची योजना १९३२ मध्ये थांबली आणि फंडच १९४८ मध्ये बंद झाला. मग शाळा सांभाळणार कोण, या प्रश्नाचं उत्तर सरकार हेच असणार.

पण सरकार कोणाचं? ज्यांना मतदानाचा अधिकार वापरू दिला जात नव्हता, त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली जमीन त्यांच्याच विरोधात चालणाऱ्या यंत्रणेच्या हवाली केली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच्या आगेमागे आणि पुढची काही वर्षं काउंट्यांनी लहान शाळा एकत्र करायचा सपाटा लावला आणि या इमारती रिकाम्या पडल्या. कायद्याने मालक काउंटी. त्यामुळे अनेक ठिकाणी गावकऱ्यांना, चर्चला किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला स्वतःच बांधलेली शाळा पैसे मोजून परत घ्यावी लागली. जिथे वेळेत पैसे जमले नाहीत तिथे इमारत पडली, गुदाम झाली किंवा गोठा झाली. कलमात एवढीच एक ओळ हवी होती: शाळा म्हणून वापर थांबल्यास जमीन मूळ देणाऱ्यांकडे परत जाईल. दानपत्रात अशी अट घालण्याची पद्धत अमेरिकेत तेव्हाही होती. आजही गावकी, देवस्थान किंवा मंडळ शाळेला जागा देत असेल, तर ही ओळ कागदावर आल्याशिवाय सही करू नये.

टिकलेली इमारत ताब्यात घेऊन वापरात आणायची असेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा. सर्वात आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग पाया, मग खिडक्या, रंग शेवटी. देणगीदारांना रंग दिसतो म्हणून रंगापासून सुरुवात होते आणि दोन पावसाळ्यांत पैसे वाया जातात. या इमारती विटांच्या सुट्या खांबांवर उभ्या असतात, खालून हवा खेळावी म्हणून. पुढे कोणीतरी थंडी आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून खांबांमधल्या मोकळ्या जागा विटांनी किंवा पत्र्याने बुजवतो. मग खालची ओल अडकते, खांबांवर टेकलेली मुख्य तुळई कुजते आणि तिला वाळवी लागते. जमिनीवरून चालताना एका कोपऱ्यात उतार जाणवला तर फळ्यांना दोष देऊ नका, खाली टॉर्च घेऊन जा आणि तुळईत पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागेल, आणि त्याआधी जॅक लावून इमारत हळूहळू उचलावी लागेल. एकदम उचलली तर वरच्या गिलाव्याला तडे जातात आणि खिडक्या अडकतात.

दुसरा शत्रू व्हिनाइलचं अस्तर. रंगाचा खर्च वाचतो म्हणून ते जुन्या फळ्यांवर ठोकतात. आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि फळ्या न दिसता सडतात. तिसरं, खिडक्या. वीज आल्यावर आणि पुढे वातानुकूलन आल्यावर खिडक्यांची रांग अर्धी बुजवून तिथे लहान ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या गेल्या. इमारतीचा जीवच काढून घेतला. मूळ चौकटी सापडल्या तर फेकू नका. त्या जुन्या, दाट रेषांच्या पाइनच्या असतात. तसं लाकूड आज बाजारात सहज मिळत नाही. खालचा कुजलेला भाग कापून नवा जोड देता येतो, काचांची पुट्टी बदलता येते. एकच सावधगिरी: १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा, मास्क लावा आणि कचरा वेगळा ठेवा. छताखाली लोंबतं खोटं छत बसवलेलं असेल तर ते काढल्यावर मूळ उंची आणि खिडक्यांचे वरचे भाग परत मिळतात. खर्चाच्या मानाने सर्वात जास्त फरक पाडणारं काम हेच.

पाहायला कुठे जावं? अटलांटाच्या मराठी मंडळींना उत्तरेला कॅसव्हिलची नोबल हिल शाळा सोयीची. १९२३ ची, १९५५ मध्ये बंद झालेली, व्हीलर कुटुंबाच्या पुढाकाराने १९८९ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलेली. वॉशिंग्टन डीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना मेरीलँडमधल्या कॅपिटल हाइट्सची रिजली शाळा, १९२७ ची. तिथे मध्यंतरी काउंटीच्या शालेय बसगाड्यांचं कार्यालय होतं. सरकारी का होईना, वापर चालू राहिला म्हणून ती वाचली. साउथ कॅरोलायनातल्या पोमारियाची होप शाळा दोन शिक्षकी, १९२५-२६ ची. ती १९५४ मध्ये बंद पडली आणि नंतर वस्तीने आपलं समाजकेंद्र म्हणून सांभाळली. मैदानासह सगळं एकत्र पाहायचं तर हीच निवडा. टेनेसीत सम्नर काउंटीतली कैरो शाळा एकशिक्षकी आहे. क्रमांक २० पाहून झाल्यावर ती पाहिली तर एका खोलीत हेच नियम कसे बसवले ते कळतं. यांतली बरीच ठिकाणं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात, तेव्हा आधी फोन केल्याशिवाय गाडी काढू नका. नॉर्थ कॅरोलायनात सर्वांत जास्त, ८०० हून अधिक इमारती झाल्या होत्या. त्यामुळे शार्लट-रॅलेकडच्यांना घरापासून फार लांब जावं लागणार नाही.

आपल्या काउंटीत कुठली शाळा होती हे शोधायला नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडची फंडाची कार्डं ऑनलाइन पाहता येतात. प्रत्येक कार्डावर काउंटी, शाळेचं नाव, किती एकर जागा, किती शिक्षकी इमारत, एकूण खर्च आणि कोणाचा वाटा किती हे सगळं आहे. बऱ्याच शाळांचे फोटोही. शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. शाळेचं नाव कार्डावर वेगळ्या स्पेलिंगने किंवा जवळच्या चर्चच्या नावाने असू शकतं, म्हणून नावाऐवजी काउंटीवरून शोधा. आणि कार्डावरचं वर्ष आर्थिक आहे, १९२५-२६ असं. त्यामुळे इमारतीच्या पाटीवर १९२५ असेल किंवा १९२६, दोन्ही बरोबरच.